कुत्रा नक्की काय करेल?

मदतीसाठी शिकवलेला कुत्रा मिळावा म्हणून मी एका प्रशिक्षण केंद्राकडे अर्ज केला होता. त्याच्या दुसऱ्या पानावर प्रश्न होता, ‘कुत्रा तुमच्यासाठी नक्की काय करेल?’ खाली पंधरा रिकाम्या ओळी. मी लिहिलं, ‘मला धीर देईल, सोबत करेल.’ आठवड्याभरात अर्ज परत आला. माझ्या उत्तराखाली पेन्सिलीची रेघ आणि समासात एकच शब्द, ‘कसा?’

मला रागच आला. ज्या माणसाला घराचा उंबरा ओलांडता येत नाही, त्याला हे असं विचारायचं? अर्ज मी ड्रॉवरमध्ये टाकला आणि महिनाभर त्याकडे पाहिलं नाही. पण पुढे जे काही झालं ते त्या ‘कसा?’चं उत्तर शोधतानाच झालं, म्हणून तिथूनच सांगते.

मी ज्या बसमध्ये होते ती रात्री उलटली. मी जवळजवळ दोन तास आत अडकले होते, आणि माझ्या अंगावर आणखी एकजण होती. ती वाचली नाही. याहून जास्त मी इथे लिहिणार नाही. हाडं तीन महिन्यांत जुळली. मग झोप गेली. लागलीच तर स्वप्नात तो डिझेलचा वास. लिफ्टचं दार बंद झालं, रांगेत कुणी मागे येऊन उभं राहिलं, की छाती आवळायची, बोटं बधिर व्हायची आणि मधली काही मिनिटं हरवूनच जायची. भानावर यायचे तेव्हा डाव्या दंडावर माझ्याच नखांचे ओरखडे असायचे.

मनोविकारतज्ज्ञांनी निदान सांगितलं, पीटीएसडी. आघातानंतरचा तणावविकार. सैनिकांच्या बाबतीत हे नाव जास्त ऐकू येतं, पण तो कुणालाही होऊ शकतो. अपघातातून, अत्याचारातून, आपत्तीतून. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात हे नाव १९८० साली आलं. म्हणजे त्रास जुनाच, नाव मात्र माझ्या आईच्या पिढीत पडलेलं. औषधं सुरू झाली, समुपदेशन सुरू झालं. दोन्हींचा गुण आला. मी पुन्हा जेवायला लागले, घरून काम करायला लागले. पण दीड वर्ष दादाचा हात धरल्याशिवाय फाटकाबाहेर पाऊल टाकलं नाही. दादाने कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. ते मला जास्त लागायचं.

कुत्र्याचा विषय डॉक्टरांनीच काढला, आणि त्याच दमात दोन गोष्टी बजावल्या. एक, हा औषधाच्या जागी नाही, जोडीला आहे. दोन, ‘कुत्रा पाळा, बरं वाटेल’ असं मी म्हणत नाहीये. हा फरक समजायला मला वेळ लागला. माझ्यासारख्या अनेकांचा गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा थांबून लिहिते.

रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात जाऊन अनेक लोकांना भेटणारा असतो तो थेरपी डॉग. तो आपल्या मालकाबरोबर येतो, लोक त्याला कुरवाळतात, तो घरी जातो. दुसरा, भावनिक आधारासाठी पाळलेला प्राणी. त्याच्या नुसत्या असण्याने माणसाला बरं वाटतं, आणि त्याचं मोल मी मुळीच कमी लेखत नाही. तिसरा असिस्टन्स डॉग. तो एका माणसासाठी, त्या माणसाच्या अपंगत्वाशी थेट जोडलेली ठरावीक कामं करायला शिकवलेला असतो. मनाच्या आजारासाठी असेल तर त्याला सायकिअ‍ॅट्रिक सर्व्हिस डॉग म्हणतात. अमेरिकेतल्या अपंगांविषयीच्या १९९०च्या कायद्याने ही रेषा फार स्वच्छ आखली आहे. कुत्र्याच्या असण्याने येणारा दिलासा हे तिथे ‘काम’ धरलं जात नाही; घाबरगुंडी उडण्याआधी ओळखून ती टाळायला किंवा सौम्य करायला शिकवलेली कृती मात्र धरली जाते. तिथल्या दुकानदाराला, गरज उघड दिसत नसेल तर, दोनच प्रश्न विचारता येतात: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलं आहे? आजार कोणता, हे विचारता येत नाही. प्रत्येक देशाचे नियम वेगळे, पण मुद्द्याचा तो दुसरा प्रश्न. माझ्या अर्जातलाही तोच होता.

ड्रॉवरमधून अर्ज काढून मी समुपदेशक ताईंकडे नेला. त्यांनी मला तीन आठवडे एक वही ठेवायला लावली. ‘काय वाटलं’ लिहायचं नाही, ‘काय झालं’ तेवढंच लिहायचं. किती वाजता, कुठे, शरीराने आधी काय केलं, मग काय केलं, किती वेळाने थांबलं, कशाने थांबलं. मला हे क्रूर वाटलं होतं. पण तिसऱ्या आठवड्यात वही चाळताना माझ्याच लक्षात आलं, की छाती आवळण्याआधी, दर वेळी, माझा उजवा पाय हलायला लागतो. टाच जमिनीवर, पुढचा भाग थरथरत. त्यानंतर मी श्वास धरून ठेवते. त्यानंतर डावा दंड. अपघातानंतर दोन वर्षं मी या शरीरात राहत होते आणि मला हे माहीत नव्हतं.

मग त्या पंधरा ओळींत लिहायला काहीतरी मिळालं. पाय हलायला लागला की कुत्रा नाकाने गुडघा ढोसेल. मी नखांनी दंड ओरबाडत असेन तर हात आणि दंड यांच्या मधे डोकं घालेल. मी जमिनीवर बसले तर मांड्यांवर आडवा पडून वजन टाकेल. स्वप्नात ओरडले तर मला जागं करेल. बाहेर पडायची खूण केली की मला जवळच्या दारापर्यंत नेईल. रांगेत माझ्या मागे आडवा उभा राहील.

सहावं काम ताईंना पटलं नाही. आणि मी सातवंही लिहिलं होतं: घरी आल्यावर कुत्रा आधी आत जाऊन सगळ्या खोल्या बघून येईल. त्यावर आमचा वाद झाला. पुष्कळ ठिकाणी हे काम शिकवलं जातं, मी वाचलं होतं. ताई म्हणाल्या, “अगं, खोलीत कुणीतरी असेल असं तुझं मन म्हणतं. कुत्रा रोज तपासून आला, तर मनाला वाटेल की तपासणं गरजेचंच होतं. भीती कमी होण्याऐवजी तिला नोकर मिळेल.” मी रडले, भांडले आणि सातवं खोडलं. सहावं ठेवलं, पण वर्षभराने पुन्हा विचार करायचा या अटीवर. या क्षेत्रातल्या जाणकारांतही यावर एकमत नाही. पण माझ्यापुरतं सांगते, त्या दिवशी त्या बरोबर होत्या.

अर्जाची बाकीची पानं माझ्याबद्दल कमी आणि कुत्र्याबद्दल जास्त होती. त्याला दिवसातून चार वेळा बाहेर कोण नेईल? तुम्ही अंथरुणाला खिळलात तर? त्याच्या आजारपणाचा खर्च कोण उचलेल? घरात आणखी कोण राहतं, त्यांची तयारी आहे का? दादाला एकट्याला बसवून त्यांनी अर्धा तास बोलून घेतलं. शेवटी आमच्याकडे पाहायला आलेल्या प्रशिक्षक बाईंनी विचारलं, “कुत्र्याला तुमच्याकडून काय मिळेल?” याची तयारी मी केली नव्हती. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, “मी कुणावर आवाज चढवत नाही.” त्यांनी ते लिहून घेतलं.

मग वाट पाहणं. जवळजवळ दोन वर्षं. याला कुणाचा हलगर्जीपणा म्हणता येणार नाही, हिशोबच तसा आहे. पिल्लू जन्मतं, आठव्या आठवड्याच्या आसपास ते स्वयंसेवकाच्या घरी जातं, तिथे वर्ष-सव्वा वर्ष माणसांत, रहदारीत, जिन्यांवर, गर्दीत वावरायला शिकतं. मग प्रशिक्षण केंद्रात काही महिने. कामाला लागेपर्यंत कुत्रा दोन वर्षांच्या आसपासचा झालेला असतो, आणि निवडून घेतलेल्या पिल्लांपैकीही बरीच मधेच गळतात. कुणाचे खुब्याचे सांधे कच्चे निघतात, कुणाला मोठा आवाज सोसत नाही, कुणी कबुतर दिसलं की सगळं विसरतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, ती कुत्री चांगल्या घरी सुखाने राहतात. पण रांगेतल्या माणसाला प्रत्येक गळतीबरोबर काही महिने वाढतात. स्वतःच्या कुत्र्याला प्रशिक्षकाच्या मदतीने शिकवण्याचाही मार्ग असतो. त्यासाठी एका आंतरराष्ट्रीय संघटनेने निदान सहा महिन्यांत १२० तास, त्यातले किमान ३० तास सार्वजनिक ठिकाणी, असा दंडक सुचवला आहे. मी तेव्हा दिवसाला अर्धा तास उभी राहू शकत नव्हते. तो मार्ग माझा नव्हता.

पहिला आला तो सोनू. गोल्डन रिट्रीव्हर, दोन वर्षांचा, डोळे असे की बघत राहावं. केंद्रात त्याने सगळ्या परीक्षा दिल्या होत्या. पहिल्या दिवशी तो माझ्या पायाशी येऊन बसला आणि मला वाटलं, सुटले.

सोनू माझं सगळं घ्यायचा. माझा पाय हलला की तो यायचा, गुडघा ढोसायचा, आणि मग जांभई द्यायचा, ओठ चाटायचा, कान मागे टाकायचा. मला वाटायचं, किती समजतंय याला. रात्री मी ओरडले की तो उठायचा, मला जागं करायचा आणि मग सकाळपर्यंत खोलीत फेऱ्या मारायचा. तिसऱ्या आठवड्यात त्याने खाणं अर्ध्यावर सोडायला सुरुवात केली. पाचव्या आठवड्यात लिफ्टच्या दारासमोर तो खाली बसला आणि उठेना. मी त्याला ओढलं नाही. मीही त्याच्या शेजारी बसले. दादाने आम्हा दोघांचा फोटो काढून प्रशिक्षक बाईंना पाठवला. त्याला वाटलं होतं की फोटो छान आला आहे. बाईंचा लगेच फोन आला. “त्याचं शेपूट बघा,” त्या म्हणाल्या. शेपूट पोटाखाली होतं.

जांभई, ओठ चाटणं, मागे गेलेले कान ही कुत्र्याच्या ताणाची लक्षणं आहेत, हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. मी ती रोज पाहत होते आणि त्यांना प्रेम म्हणत होते. सोनू माझी भीती ओळखत होता आणि ती स्वतःच्या अंगात घेत होता. काही कुत्रे असे असतात, फार हळवे. ते घरचा कुत्रा म्हणून सोन्यासारखे, पण या कामासाठी नाही. या कामाला असा कुत्रा लागतो जो माझा पाय हललेला पाहील, येऊन आपलं काम करेल, आणि दोन मिनिटांनी कुशीवर पडून झोपेल.

सोनूला परत पाठवायचा निर्णय माझा होता. बाई म्हणाल्या होत्या, आणखी महिनाभर प्रयत्न करू. मी नाही म्हटलं. त्याला न्यायला गाडी आली तेव्हा मी फाटकापर्यंत एकटी गेले. अपघातानंतरची ती पहिली वेळ. ते माझ्या लक्षात आलं दुसऱ्या दिवशी. तो आता एका कुटुंबात आहे, धावतो, पोहतो. त्याचा फोटो मी फ्रिजवर लावला आहे.

काजळ सात महिन्यांनी आली. काळी लॅब्राडॉर, २७ किलो. पहिल्या भेटीत तिने मला हुंगलं, माझ्या पिशवीला हुंगलं आणि खिडकीखालच्या उन्हात जाऊन पसरली. माझा थोडासा हिरमोड झालाच. सोनूसारखं काही नव्हतं त्यात. बाई मात्र हसत होत्या.

जोडीचं प्रशिक्षण केंद्रावर राहून दोन आठवडे चाललं. लोकांना वाटतं की तिथे कुत्र्याला शिकवतात. कुत्रा शिकलेलाच असतो, शिकायचं माणसाने असतं. पट्टा ढिला कसा ठेवायचा. खाऊ कोणत्या क्षणी द्यायचा. अर्धा सेकंद उशीर झाला तर तिला वाटतं की बक्षीस दुसऱ्याच गोष्टीचं आहे. तिने चूक केली तर रागवायचं नाही, आपण काय चुकीचं विचारलं ते शोधायचं. आणि शब्द. केंद्रात तिला शिकवलेले शब्द लांब होते. बाईंनी मला विचारलं, “घाबरलेली असताना तुम्हाला कोणता शब्द उच्चारता येतो?” खरं उत्तर होतं, कोणताच नाही. म्हणून प्रत्येक कामाला आम्ही एक आखूड शब्द ठेवला, ‘वर’, ‘मागे’, ‘दार’, आणि प्रत्येकाला हाताची खूण. मांडीवर दोनदा थाप म्हणजे ‘वर’. तळहात मागे वळवला की ‘मागे’. आणि गुडघा ढोसण्याच्या कामाला शब्दही नाही, खूणही नाही. तिथे हलणारा पाय हीच आज्ञा.

ते शिकवायची पद्धत मी कधी विसरणार नाही. मी खुर्चीत बसून मुद्दाम पाय हलवायचा. काजळने नाक लावलं की लगेच शाबासकी आणि खाऊ. दिवसातून वीस-वीस वेळा. मग उभी राहून, मग पाठमोरी, मग ती झोपलेली असताना, मग टीव्ही चालू असताना. जो थरकाप मला इतकी वर्षं लाज आणत होता, तो मी माझ्या इच्छेने आणत होते आणि थांबवत होते. चौथ्या दिवशी मी दादाला फोन करून नुसतं एवढंच सांगितलं आणि आम्ही दोघंही काही बोललो नाही.

‘वर’ म्हणजे मांड्यांवर आडवं पडून वजन टाकणं. डीप प्रेशर म्हणतात त्याला. दाब, ऊब आणि संथ श्वास. पहिल्यांदा खरीखुरी वेळ आली ती केंद्राच्या जिन्यात, कुणाच्या तरी हातून धातूचा डबा पडला तेव्हा. मी पायरीवर बसले. नाक गुडघ्याला लागलेलं मला कळलं नाही, बाईंनी नंतर सांगितलं. पण मांड्यांवर वजन आलं ते कळलं. वहीत अशा वेळा मी वीस ते चाळीस मिनिटं नोंदवल्या होत्या. ही अकरा मिनिटांत उतरली. दंडावर ओरखडा नव्हता. काजळ उठली, अंग झाडलं आणि समोरच्या माशीकडे बघायला लागली. तेव्हा मला बाईंचं हसणं समजलं.

घरी आल्यावरचे पहिले तीन महिने अवघड गेले, आणि हे कुणी आधी सांगत नाही म्हणून ठासून सांगते. पहाटे उठावं लागतं. पाऊस असो, ताप असो, रात्रभर झोप नसो, तिला बाहेर न्यावंच लागतं. ज्या बाईला लोकांच्या नजरा नकोत, तिच्याकडे कुत्र्यामुळे सगळे बघतात. मुलं धावत येतात. ‘कामात आहे, हात लावू नका’ असं जॅकेटवर लिहिलेलं असूनही लोक हात लावतात, आणि वर विचारतात, “तुम्हाला काय झालंय?” पहिल्या महिन्यात माझा त्रास वाढला होता, वही साक्षीला आहे. डॉक्टरांनी औषधाची मात्रा थोडी बदलली. मी एक वाक्य पाठ केलं: “ती मला मदत करायला शिकलेली आहे, आत्ता तिला काम करू द्या.” तिसऱ्या महिन्यात ते वाक्य आवाज न कापता म्हणता यायला लागलं.

रात्रीचं काम घरी आल्यावर पक्कं झालं. मी स्वप्नात बोलायला लागले की तिने आधी हात चाटायचा, जाग आली नाही तर पुढचे पाय पलंगावर ठेवून तोंड माझ्या मानेशी आणायचं. तिसरी पायरी आम्ही शिकवली नव्हती, दिव्याची. जमिनीवर ठेवलेल्या मोठ्या बटणाचा दिवा केंद्राने दिला होता, पण तो दुसऱ्या कामासाठी. एका रात्री मी जागी होऊनही जागी नव्हते, खोलीत मला तीच बस दिसत होती. तिने जाऊन पंजाने दिवा लावला. योगायोग असेल. पण दुसऱ्या दिवशी आम्ही ते काम म्हणून शिकवून टाकलं.

वर्षभराने एक बदल झाला. माझा पाय हलायच्या आधीच काजळ यायला लागली. मी कामात, पाय स्थिर, आणि नाक गुडघ्याला. तीन-चार मिनिटांनी पाय सुरू. याबद्दल मी शोधून वाचलं. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातला एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला होता. ३६ माणसांना ९००० पासून १७-१७ वजा करत उलटं मोजायला लावलं, आधीचा आणि नंतरचा श्वास-घाम गोळा केला आणि ताणाचा नमुना कोणता ते चार कुत्र्यांना विचारलं. ७२० पैकी ६७५ वेळा त्यांनी बरोबर ओळखलं. म्हणजे ताणाला वास असतो आणि कुत्र्याला तो येतो. काजळला वास ओळखायला कुणी शिकवलेलं नाही, आणि प्रयोगशाळेतल्या नमुन्यावरून माझ्या घरातल्या गोष्टीचा निकाल लावणं बरोबर नाही. पण त्या तीन-चार मिनिटांत मी आता उठून खिडकी उघडते, पाण्याने मनगटं भिजवते, श्वास मोजते. ताईंनी शिकवलेलं सगळं त्या वेळात बसतं. आधी ते सगळं मला येत होतं, फक्त वेळेवर आठवत नव्हतं.

कुत्र्यांचा किती उपयोग होतो यावरही अभ्यास झाले आहेत, बहुतेक अमेरिकेतल्या माजी सैनिकांवर. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एकात १५६ जण होते. ८१ जणांना कुत्रा मिळाला, ७५ जण प्रतीक्षा यादीत. तीन महिन्यांनी कुत्रा मिळालेल्यांची लक्षणं दुसऱ्या गटापेक्षा कमी होती. कुणाला कुत्रा मिळेल हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, हे ध्यानात ठेवायला हवं, आणि नेहमीचे उपचार दोन्ही गटांचे चालू होते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण माझं पाहून एका ओळखीच्यांनी मुलीची औषधं बंद करून पिल्लू आणलं. मुलगी पुन्हा खचली, आणि पिल्लाचेही हाल झाले.

सार्वजनिक ठिकाणी वावरण्याची परीक्षा आम्ही आठव्या महिन्यात दिली. दारातून शांतपणे आत जाणं, जमिनीवर पडलेलं खाणं सोडणं, गर्दीत टेबलाखाली पडून राहणं, गाडीतून आज्ञेशिवाय न उतरणं. परीक्षकांचं लक्ष काजळपेक्षा माझ्याकडे जास्त होतं. मी तिच्यावर ताबा ठेवू शकते का, तिला त्रास होतोय हे मला दिसतं का. सोनूमुळे मला ते दिसत होतं.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी एका मोठ्या इमारतीच्या दारात आम्हाला अडवलं. कागद दाखवले. सुरक्षारक्षक म्हणाला, “बाई, तुम्हाला तर दिसतंय.” मग त्याचा वरिष्ठ आला, तोही तेच म्हणाला. मला त्या दोघांचा राग करता आला नाही. अंधांसाठी कुत्रे शिकवणारी पहिली शाळा जर्मनीत ओल्डनबर्गला १९१६ साली सुरू झाली, पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी. ते कुत्रे लोकांच्या डोळ्यांत बसायला शंभर वर्षं मिळाली आहेत. मनाच्या आजारासाठीचे कुत्रे गेल्या काही दशकांतले. पण त्या दारात चाळीस मिनिटं उभं राहून, अनोळखी माणसांपुढे माझा आजार उलगडून सांगावा लागला. काजळ दोनदा मागे येऊन उभी राहिली, मी तळहात वळवलाही नव्हता. शेवटी आत सोडलं. मी आत गेले नाही, घरी परतले आणि दोन दिवस झोपून काढले. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले. त्या वेळी त्यांनी दार धरून ठेवलं होतं.

इंटरनेटवर जॅकेटं आणि प्रमाणपत्रं विकत मिळतात. लोक घरच्या कुत्र्याला ती घालून सगळीकडे नेतात. तो भुंकतो, कुणाच्या अंगावर जातो, आणि पुढच्या दारात माझ्याकडे संशयाने बघितलं जातं. एकदा अशाच एका कुत्र्याने काजळच्या कानाला चावा घेतला होता. जखम लहान होती, पण त्यानंतर सहा आठवडे ती प्रत्येक कुत्र्यापाशी ताठ व्हायची, आणि आम्हाला बाहेर पडायचा धडा पहिल्यापासून गिरवावा लागला. ते कागद विकणाऱ्यांना मला एवढंच सांगायचं आहे, की त्या सहा आठवड्यांत मी चार वेळा भान हरपून रस्त्यावर बसले होते.

सहाव्या कामाचा, ‘मागे’चा, फेरविचार ठरल्याप्रमाणे झाला. तो तेव्हा पुढे ढकलला, त्याच्या पुढच्या वर्षीही ढकलला. तिसऱ्या वर्षी मी स्वतःहून तो शब्द वापरणं बंद केलं. रांगेत मागे कुणी उभं राहिलं की अजून मानेवर काटा येतो, पण मी वळून त्या माणसाकडे बघते. माणूस बहुतेक वेळा फोनमध्ये असतो.

काजळ आता आठ वर्षांची आहे. हनुवटी पांढरी झाली आहे. असे कुत्रे साधारण आठ-दहा वर्षांचे होईपर्यंत काम करतात. गेल्या तपासणीत तिचे डॉक्टर म्हणाले, कंबर जरा धरते, पलंगावर पाय टाकायचं काम कमी करा. म्हणून प्रशिक्षक बाईंनी नवा अर्ज पाठवला आहे. दुसऱ्या पानावर तोच प्रश्न, त्याच पंधरा ओळी. मी तीन कामं लिहिली आहेत. पुढच्या पानावर एक नवा प्रश्न आहे, ‘निवृत्त कुत्रा कुठे राहील?’ तिथे लिहिलं आहे, इथेच.

बाई म्हणाल्या, नवा कुत्रा येण्याआधी तिला तुमच्याशिवाय घरी राहायची सवय लावा, थोडी थोडी. नाहीतर दुसरं कुणी आपलं काम करतंय हे काहींना सोसत नाही. म्हणून गेला महिनाभर रोज संध्याकाळी मी तिला दादाजवळ सोडून एकटी बाहेर पडते. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत. दादा सांगतो, ती दाराकडे तोंड करून बसते, पण रडत नाही. काल वीस मिनिटं झाली. परत आले तेव्हा तिने माझा तळहात, मनगट, दंड नेहमीपेक्षा जास्त वेळ हुंगला, आणि मग आपल्या जागेवर जाऊन पडली.